चौथं आळं

माझ्या डाव्या कानाची पाळी फाटकी आहे. मी लहान असताना वारासिवनीला आमच्या अंगणात शेजाऱ्यांच्या वासराने माझ्या कानातला डूल चारा समजून ओढला, आणि तेव्हापासून मी एकाच कानात कुडी घालते. मुलगी पाहायला येणाऱ्यांपासून हे लपवायचं नाही असा आमच्या अण्णांचा बाणा होता. ते शाळामास्तर, खोटं बोलायला लाजायचे आणि खरं बोलून माझं नुकसान करायचे. "कान फाटका असला तरी मुलगी ऐकणारी आहे," असं ते हसत हसत सांगत, पाहुणेही हसत आणि पोह्यांच्या बशा रिकाम्या करून निघून जात. असं करता करता मी सत्तावीस वर्षांची झाले आणि मग बालाघाटच्या त्र्यंबक नाझरांचं स्थळ आलं. बिजवर, पण मूलबाळ नाही, कोर्टातली नोकरी, स्वतःचं घर, मागे मोठं परस. नाझर म्हणजे लोकांच्या दारावर जप्तीचे आणि समन्सचे कागद पोचवण्याचं खातं सांभाळणारा माणूस, पण बोलायला इतका मऊ की अण्णांना तो एखाद्या कीर्तनकारासारखा वाटला. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण त्या वयाला आमच्यात मुलीचं मत शिळ्या भातासारखं असतं, ज्याला भूक असेल त्याने खावं.

आमच्यात लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माहेरचं नाव त्या ताटाशी संपतं. माझं नाव माणिक होतं. आईने ठेवलेलं, आणि आई लवकर गेल्यामुळे तिचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच उरलेलं. ते जाणार याचं मला कानाच्या पाळीपेक्षा जास्त दुःख होतं, पण नवं नाव गिरिजा ठरलं होतं आणि तेही काही वाईट नव्हतं. यांच्या आत्याबाईंनी ते निवडलं होतं. माघातली दुपार होती, मंडपात ऊन आलं होतं, आणि यांनी अंगठी हातात घेऊन तांदळात दोन अक्षरं लिहिली. उमा.

उमा हे यांच्या गेलेल्या बायकोचं नाव होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "अरे त्र्यंबक, हे तर..." आणि मग त्यांनी माझ्याकडे, अण्णांकडे, ताटाकडे पाहिलं आणि हसून वेळ मारून नेली. "असू दे. लिहिलं ते लिहिलं. त्र्यंबकाला उमाच शोभते!" मंडपात हशा झाला. चूक झाली, सवयीने हात गेला, असं सगळ्यांनी मनाशी म्हटलं असेल. मी मात्र ताटाच्या अगदी जवळ बसले होते. चुकलेला माणूस मध्येच थांबतो, चाचरतो, निदान जीभ चावतो. यांचा हात थांबला नव्हता. उलट लिहून झाल्यावर यांनी 'मा'चा काना जरा वाकडा आला होता तो पुन्हा सरळ केला.

त्याच दिवशी माझ्या गळ्यात टाक आला. दुसरेपणावर दिलेल्या बाईने मेलेल्या सवतीचा टाक घालायचा असतो हे मला माहीत होतं. आमच्या नात्यात एक मावशी घालायची. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाई. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, नवं फळ आधी तिच्या ओठांना लावायचं, मग आपण. माझ्या टाकावरच्या बाईच्या भुवया मध्ये जुळलेल्या होत्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात उमा असं कोरलेलं होतं, आणि ते माझंही नाव झालं असल्यामुळे कुणाही परक्याला वाटलं असतं की मी माझाच टाक घालून फिरते आहे. मी स्वतःशी हसले होते तेव्हा. हसायला काय जातं.

घर छान होतं, हे कबूल केलं पाहिजे. हे मला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. पण परसात गेले तेव्हा माझा जीव खट्टू झाला, कारण विहिरीपासून कुंपणाकडे जाणाऱ्या रांगेत गुडघ्याएवढी तीन खोडकं उभी होती, फांदी नाही, पान नाही. एक चांगलं मांडीएवढं जाड, दुसरं त्याहून बारीक, तिसरं मनगटाएवढं. आणि त्यांच्या पुढे चौथं आळं, गोल, नीट बांधलेलं, आत काळं खत, पण झाड नाही.

"मेली का ही?" मी विचारलं.

"मेलेली नाहीत, छाटलेली आहेत," हे म्हणाले. "फालसा आहे. जुन्या फांदीला फालसा येत नाही, नव्या फुटीलाच येतो. म्हणून पौषात बुडापर्यंत छाटायचं, खत द्यायचं, पाणी द्यायचं. झाड तेच राहतं, फांदी नवी."

"कुणी लावली?"

यांनी जाड खोडावर हात ठेवला. "हे उमाने." मग दुसऱ्यावर. "हे उमाने." मग तिसऱ्यावर. "हेसुद्धा तिनेच." आणि चौथ्या आळ्याकडे पाहून म्हणाले, "पावसाळ्यात तू लाव."

खताचं सगळं यांनीच मला शिकवलं, आणि या एका बाबतीत मऊ बोलणारा माणूस एकदम कडक व्हायचा. ताजं शेण घालायचं नाही, ते मुळं जाळतं. वर्षभर कुजलेलं, हातात घेतलं तर मातीसारखा वास येणारं शेणखत हवं. त्यात जंगलातला पालापाचोळा, त्यावर करंजाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, भिजवून, आणि वरून थोडी चुलीतली राख. पण फालशाची मुळं वरच्या वर असतात म्हणून खुरपं बेताने चालवायचं. "वरवर कर," हे म्हणायचे. "खोल जाऊ नकोस." रोज कोर्टात जाताना दारातून वळून एकदा तरी म्हणायचेच.

शेणखत तुळसाबाई आणायची. नदीपलीकडच्या गावातली, डोक्यावर टोपली, तोंडात तंबाखू, या घरात जुनी. तिने पहिल्या दिवशी मला पाहिलं आणि टोपली खाली ठेवून म्हणाली, "बाई, ढेप औंदा कमीच घालाल ना? मागच्या टायमाले तुमीच तं सांगतलं होतं, मुंग्या लागते म्हणून."

"मी नाही सांगितलं तुळसाबाई. मी आत्ताच आले."

"हौ," ती म्हणाली, जशी लहान पोराला म्हणावी तशी, आणि आळ्यात खत पसरू लागली. "मले काय ठावं बाई. तुमचंच घर."

म्हातारीचं डोकं चळलं असेल असं मी धरून चालले. पण मग शेजारच्या लीलाबाई आल्या, ज्यांचं डोकं साऱ्या आळीचे हिशेब सांभाळण्याइतकं शाबूत होतं. त्या वाटी मागे घ्यायला आल्या होत्या. कुठली वाटी? "अगं उमा, गेल्या संक्रांतीला तिळगूळ घालून दिली नव्हती का मी?" गेल्या संक्रांतीला मी वारासिवनीला अण्णांच्या घरी होते. मी फडताळ उघडलं, आणि वाटी तिथे होती, त्यांचं नाव कोरलेली, तळाला तिळाचा एक दाणा चिकटलेली. मी ती धुऊन दिली. लोक जिभेच्या सवयीने बोलतात, नाव एक असलं की माणूस एक वाटतं, असं मी मनाला समजावलं, आणि ते खोटं तरी कुठे होतं.

फाल्गुनात खोडकांतून फुटी आल्या. इतक्या जोमाने की मला बघता बघता भीती वाटायची. आज बोटाएवढी, परवा हातभर, खरखरीत मोठी पानं, मग पिवळी बारीक फुलं. वैशाखात फळ पिकू लागलं. फालसा एकदम पिकत नाही. एकाच घोसात एक हिरवा, एक लाल, एक जांभळाकाळा, म्हणून रोज सकाळी जाऊन पिकलेला तेवढाच वेचावा लागतो, आणि तो ठेवला तर संध्याकाळपर्यंत नासतो. मला ते काम मनापासून आवडलं. पहिली ओंजळ वेचली तेव्हा हे जवळ उभे होते. मी रीतीप्रमाणे एक फळ टाकाच्या ओठांना लावलं, चांदीवर जांभळा डाग पडला, आणि मग स्वतःच्या तोंडात टाकलं. आंबटगोड, थोडं तुरट. यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मला वाटलं, मागायचं ते आत्ता मागावं.

"अहो, एक मागू? घरात कुणी नसताना मला माणिक म्हणाल?"

हे रागावले नाहीत. कोर्टातला माणूस चुकीच्या खात्यात आलेला कागद उलटून पाहतो तसं यांनी ते नाव मनात उलटून पाहिलं. "मा..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणून पाहिलं. मग हसले, खरंच ओशाळून. "जमत नाही गं मला. नाव एकदा लिहिलं की लिहिलं." आणि माझ्या हातातल्या फालशांतला सर्वांत काळा निवडून यांनी मला भरवला. मला रडू आलं. आंबट लागलं म्हणून असं मी सांगितलं.

त्या दिवसापासून मला माझ्या नावाची भूक लागली. दुसरा शब्द नाही त्याला. आधी मी ते नाव रोज ऐकत होते तेव्हा त्याची किंमत नव्हती. आता पाणी भरताना, भात वैरताना, मी हळूच ओठांत म्हणायची, माणिक, माणिक. पण आपल्याच तोंडाने घेतलेलं आपलं नाव ही काही हाक नव्हे. कुणीतरी बाहेरून म्हणायला हवं. कुणीही चाललं असतं. एकदा मी तुळसाबाईला चहा देऊन सरळ सांगितलं, माझं नाव माणिक आहे, म्हणून दाखव बरं. ती चहाचा घोट घेऊन म्हणाली, "दर खेपेले असंच म्हणता बाई तुमी. दर खेपेले नाव येगळं सांगता."

आषाढात मी चौथ्या आळ्यात रोप लावलं. नाही म्हणायचं कारण सुचलं नाही. यांनी छत्री धरली, मी माती लोटली, आणि रोप पावसात माझ्याकडे मान टाकून उभं राहिलं. याला फळ यायला दोन वर्षं लागतील, हे म्हणाले. मी विचारलं, तोवर याला छाटायचं नाही ना? "पहिल्या पौषात याला हात लावत नाहीत," असं हे म्हणाले.

आश्विनात पाऊस ओसरला आणि मधल्या झाडाला उधई, म्हणजे वाळवी, लागली. खोडावर मातीची बारीक वाट वर चढलेली दिसली. उधई वरवर खुरपून जात नाही. घर खाली असतं, तिथवर जावं लागतं, हे शेतकऱ्याच्या गावात वाढलेल्या कुठल्याही मुलीला कळतं. हे कोर्टात होते. मी खुरपं घेतलं आणि आळ्यात खोल गेले. हातभर खाली खुरप्याला काही लागून खणखणलं. मातीने काळा पडलेला एक पत्रा. विहिरीवर नेऊन चिंच लावून घासला, तर टाक. त्यावर बाई, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. मागे उमा.

मी माझ्या गळ्यातला टाक काढून शेजारी ठेवला. जुळलेल्या भुवयांची उमा आणि हनुवटीवर ठिपक्याची उमा. या दोघी एक नव्हत्या, हे लहान पोरानेही सांगितलं असतं.

मग मी तिसऱ्या झाडाखाली खणलं. तिथेही टाक होता. या बाईचं कपाळ रुंद, त्यावर आडवी चिरी, मागे उमा. आणि मग जाड खोडाच्या बुडाशी दुपार उलटेस्तोवर खणत राहिले, मुळं तुटली तरी थांबले नाही, आणि तिथे काही नव्हतं. नव्हतं, कारण असायचं कारणच नव्हतं. जी पहिलेपणावर आली तिच्या गळ्यात टाक कुणाचा असणार? टाक दुसरीच्या गळ्यात असतो. आणि तिसरीच्या. मी माझा टाक पुन्हा गळ्यात घातला आणि ते दोन्ही मांडीवर घेऊन मातीत बसून राहिले.

तुळसाबाई केव्हा आली ते समजलं नाही. "काहून इतलं खोल खोदून राह्यल्या बाई?" असं म्हणून तिने माझ्या मांडीवरचे दोन्ही टाक पाहिले आणि तिला काहीच नवल वाटलं नाही. "ठेवा तिथंच. झाडाचं हाये ते, झाडाले लागते." तिने स्वतःच्या हाताने ते परत आळ्यात ठेवले, वर खत ओढलं, राख भुरभुरली. मी तिला अडवलं नाही.

संध्याकाळी लीलाबाईंकडे गेले. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी साळसूदपणे विचारलं, "लीलाबाई, यांच्या आधीच्या बायकोच्या गळ्यात टाक होता का हो?"

"होता ना. तुझ्या गळ्यात आहे तसाच."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?" सुपातला खडा शोधून त्यांनी बाहेर फेकला. "उमाचा."

"आणि ती उमा कधी गेली?"

त्यांचा हात सुपावर थांबला. त्या आठवत होत्या, मनापासून आठवत होत्या, मला दिसत होतं. जे आठवलं ते कुठे लावावं हे त्यांना कळत नव्हतं. "पौषात," त्या शेवटी म्हणाल्या. "झोपेतच गेली, बिचारी. सोन्यासारखी होती." मग माझ्याकडे बघून एकदम हसल्या. "काय अभद्र विचारून राहिली गं तिन्हीसांजेला! जा, दिवा लाव."

मला एकच वाट दिसत होती आणि ती वारासिवनीला जात होती. दिवाळसणाला माहेरी जायचंच होतं. जायचं आणि परत यायचं नाही, असं मी ठरवलं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. टाकून आलेली मुलगी म्हणतील, निदान मुलगी म्हणतील. आणि अण्णा मला माणिक म्हणतील, दारातच म्हणतील, मग मी त्यांच्या गळ्यात पडून सगळं सांगेन. मोटारीत मी तेवढंच घोकत होते. यांनी स्टँडवर बोरांची पुडी आणून दिली आणि बस हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

अण्णा दारात उभे होते. थकले होते, धोतर सैल झालं होतं. माझ्या हातातली पिशवी घेत ते म्हणाले, "आलीस का, उमा? ये."

मी म्हटलं, "अण्णा, मला माणिक म्हणा ना."

ज्या माणसाने माझ्या कानाबद्दल कधी कुणाला खोटं सांगितलं नाही, त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे रस्त्यावर पाहिलं, कुणी दुसरी आली आहे की काय अशा नजरेने. "माणिक?" ते म्हणाले. कपाळाला आठी पडली. "तुझ्या आईच्या तोंडी होतं खरं असं काहीतरी नाव. बहिणीचं होतं का तिच्या?" आणि मग, मास्तराला उत्तर आलं नाही की तो विषय बदलतो तसं, "हातपाय धू. तुझ्यासाठी अनारसे केलेत शेजारच्यांनी."

मी चार दिवस राहिले. त्यांच्या गळ्यात पडले नाही. परक्या बाईने कुणाच्या गळ्यात कसं पडावं? पाडव्याला हे न्यायला आले, जावईबापूंना ओवाळायला म्हणून अण्णांनी मलाच ताट दिलं, आणि मी ओवाळलं.

मार्गशीर्ष लागला. फालशाची पानं पिवळी पडून गळायला लागली, माझं चौथ्या आळ्यातलं रोप मात्र हिरवंगार, कमरेएवढं. काल हे जेवताना म्हणाले, "तुझ्या टाकाची कडी झिजली आहे. तुटून पडेल कुठे. उद्या भैयालालकडे जाऊन ये." मग हात धुऊन परसात गेले, आणि कोयत्याला दगडावर धार लावण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. झाडं छाटायला पौष लागावा लागतो; दरवर्षीचं काम, त्यात काही नवीन नव्हतं.

आज दुपारी भैयालाल सोनाराकडे गेले. चौदा कॅरेटचा कायदा आल्यापासून त्याची भट्टी सोन्यासाठी जवळजवळ विझलेलीच, चांदीवर दिवस काढतो. मला पाहून तो गादीवरून उठला.

"आइए बाईजी. मैं खुद ही आने वाला था. कड़ी तो हो जाएगी, पहले ज़रा उजाले में बैठिए."

"काहून?"

"नाझर साहब का काम है, पूस लगने से पहले देना है. बस कान पर आकर अटका हूँ. साहब बोले, बायाँ कान ध्यान से बनाना."

त्याने पेटीतून एक पत्रा काढून माझ्या हातात दिला. नवी चांदी, डोळे दिपवणारी. त्यावर बाई. भुवया वेगळ्या, हनुवटी मोकळी, कपाळ माझ्यासारखं अरुंद. उजव्या कानात कुडी. डाव्या कानाच्या जागी चांदी अजून सपाट होती.

मला ओरडायला हवं होतं. पत्रा फेकून, चपला न घालता, पळत सुटायला हवं होतं; पण पळून कुणाच्या दारात, आणि दार उघडणाऱ्याला नाव काय सांगायचं? मी एवढंच विचारलं, "हे टाक नेहमी तुम्हीच करता?"

"हमेशा," तो म्हणाला. "मुझसे पहले पिताजी बनाते थे." त्याने पत्रा माझ्या हातातून घेतला, उलटा केला, लाकडाच्या ठोकळ्यावर नीट बसवला आणि बारीक छिन्नी उचलली. "पीछे वही लिख दूँ ना? उमा?"

वैशाखापासून मी ज्याच्यामागे धावले ते माझं नाव आता कुणीतरी समोर बसून मला विचारत होतं. मला वाटलं ते भय होतं की आनंद, हे मला आत्ताही सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हणाले. "माणिक लिहा."

त्याने हरकत घेतली नाही. डोळा बारीक करून, जीभ दातांत धरून, एक एक अक्षर कोरलं. मी ते उलट्या बाजूने वाचत होते, आधी म, मग त्याचा काना, मग पुढची दोन. चांदीचा कीस त्याने फुंकून उडवला आणि बरोबर आलं की नाही हे पाहायला मोठ्याने वाचलं.

"माणिक."

किती महिन्यांनी. कुणीतरी दुसऱ्याच्या तोंडून.

"हो," मी म्हटलं.

त्याने पत्रा पुन्हा सुलटा केला आणि माझ्याकडे पाहत थांबला. मी डोक्यावरचा पदर मागे सारला, केस कानामागे घेतले, आणि त्याला नीट दिसावा म्हणून फाटका कान उजेडाकडे करून बसले.